लूना परत आली, इंजिनाशिवाय

एका लूनावर तीन माणसं आणि पुढे नारळाची पिशवी! नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेली अशी वरात नगरकरांनी कितीदा पाहिली असेल. त्या लूनाचं माहेरही इथून लांब नाही. दौंड रस्त्यावर कायनेटिक इंजिनीअरिंगचा कारखाना आहे. ह. के. फिरोदिया यांच्या या कंपनीने १९७२ साली लूना बाजारात आणली. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वेळप्रसंगी मारायला पायडल आणि किंमत दोन हजारांच्या आसपास.

टू-स्ट्रोक इंजिन बनवायला सोपं. त्याला ना व्हॉल्व्ह, ना कॅमशाफ्ट. भाग मोजके म्हणून स्वस्त. पण वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळून जळायचं आणि थोडं पेट्रोल न जळताच धुरासोबत बाहेर पडायचं. म्हणजे कारखान्यात वाचवलेला खर्च रस्त्यावरच्या हवेच्या नावे पडायचा. २००० साली धुराचे निकष कडक झाले आणि तो हिशेब उलटला. टीव्हीएसने पुढे आपल्या मोपेडला फोर-स्ट्रोक इंजिन बसवून ती चालू ठेवली. लूना मात्र बंद पडली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ती विजेवर परत आली. दोन किलोवॅट-तासाची बॅटरी, दीडशे किलोपर्यंत वजन वाहायची ताकद. तिची चेसी नगरच्याच कारखान्यात बनते. मला खरं कुतूहल वाटतं ते इथे. इंजिन गेलं तेव्हा कारखान्यातलं नेमकं काय गेलं?

क्रँकशाफ्ट घडवणं, घासणं, सिलिंडर बोअर करणं या कामांची ई-लूनाला गरज उरली नाही. पण पत्रा दाबणारे प्रेस, नळी वाकवणं, वेल्डिंग, रंगकाम ही खाती इंजिनात काय जळतं हे विचारत नाहीत. चेसी पेट्रोलच्या गाडीचीही लागते आणि विजेच्याही. यंत्र घेताना विक्रेता ताशी किती नग निघतील ते सांगतो. हा माल उद्या बंद झाला तर याच यंत्रावर दुसरं काय करता येईल, हे त्याला सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असावा.

दुसरा प्रश्न संख्येचा. समजा एका ब्रॅकेटची डाय दोन लाखांना पडते. पाचशे नग काढले तर नगामागे चारशे रुपये नुसते डायचे. पन्नास हजार काढले तर चार. म्हणून गाडी चालेल की नाही याचा भरवसा नसेपर्यंत पत्रा लेसरवर कापून घ्यावा आणि मागणी बसली की डाय करावी. लेसरला नग महाग पडतो, पण चूक स्वस्तात निस्तरते.

पर्यावरणाचा हिशेब याहून किचकट. गिअरचे दात कठीण करायला ते भट्टीत नऊशे अंशांच्या वर तासन् तास ठेवून पृष्ठभागात कार्बन मुरवतात. इंडक्शनने तेवढाच पृष्ठभाग काही सेकंदांत तापतो, वीज वाचते. मग सगळे भट्ट्या का मोडत नाहीत? कारण कार्बन मुरवायचं पोलाद मुळात कमी कार्बनचं असतं आणि इंडक्शनला मध्यम कार्बनचं लागतं. पोलाद बदललं की ड्रॉइंग बदलतं, आणि ड्रॉइंग ग्राहकाचं! त्याची मंजुरी, चाचण्या, नमुने यात महिने जातात. भट्टी निम्मी रिकामी न चालवता पूर्ण भरून चालवणं, हा उपाय मात्र उद्या सकाळपासून करता येतो.

आपल्या दुष्काळी जिल्ह्यात पाण्याचा हिशेबही तितकाच निकडीचा. प्लेटिंगनंतर माल धुवायला प्रत्येक टाकीत वेगळं ताजं पाणी सोडलं तर ते नुसतं वाहून जातं. त्याऐवजी शेवटच्या टाकीत ताजं पाणी सोडायचं आणि ते उलटं, मागच्या टाक्यांकडे वळवायचं. आपल्या घरी धुणं खळबळलेलं शेवटचं पाणी पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरतात, तीच युक्ती. तिच्यासाठी सल्लागार बोलवायची गरज नसते. रंगाचंही तसंच. पावडर कोटिंगमध्ये उडालेली पावडर गोळा करून पुन्हा वापरता येते, पातळ रंगातलं सॉल्व्हंट मात्र हवेत जातं.

हे सगळं हौसेने होतं असं समजू नका. युरोपने गाड्यांच्या भागांतल्या सहा-संयुजी क्रोमियमवर बंदी घातली, तेव्हा निर्यात करणाऱ्यांना प्लेटिंगची बाथ बदलावी लागली. आता युरोपचा कार्बन सीमाकर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. त्याच्या यादीत लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम तर आहेच, पण बोल्ट-स्क्रूही आहेत. म्हणजे नट-बोल्ट काढणाऱ्या छोट्या कारखानदाराकडेही उद्या ग्राहक टनामागे किती कार्बन, ते मागणार. उत्तर द्यायचं तर आधी प्रत्येक खात्याला वेगळा वीजमीटर हवा. कारखान्याचं सगळं बिल एकच येत असेल, तर भट्टी किती खाते आणि कॉम्प्रेसर किती, ते मालकालाही कळत नाही. केंद्राच्या झेड (दोष शून्य, पर्यावरणाला बाधा शून्य) प्रमाणपत्र योजनेत सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या खर्चात ऐंशी टक्के अनुदान ठेवलं आहे. त्याचा उपयोग निदान हे मोजमाप सुरू करायला तरी व्हावा.

केडगावजवळ नेप्तीच्या कांदा मार्केटला जाताना एखादी ई-लूना दिसते का, ते मी हल्ली पाहत असतो. जुनी लूना आली की धुरावरून, आवाजावरून आधीच कळायचं. ही शेजारून निघून गेल्यावर कळेल. आणि हिला पायडल नाही; वाटेत बॅटरी संपली तर कांद्याची गोणी घेऊन ढकलत न्यायची.