कंडक्टर स्वतः काहीच वाजवत नाही, मग त्याच्या स्मरणार्थ मैफल कशी होते?

गायकाच्या पुण्यतिथीला त्याचं गाणं लावता येतं. पण पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरचं काय? मंचावर एकही सूर न काढणारा तोच एकटा असतो!

कंडक्टर नेमकं काय करतो?

मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात ऐंशी-नव्वद वादक असतात. प्रत्येकासमोर फक्त आपल्या वाद्याची स्वरलिपी असते, सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी मात्र कंडक्टरपुढे. कोणी कधी सुरुवात करायची, लय किती ठेवायची, कोणी आवाज दाबायचा, हे तो हातातल्या छोट्या काठीने आणि नजरेने सांगतो. त्याचं बरंचसं काम मैफलीआधी, तालमीतच झालेलं असतं.

मेहली मेहता कोण होते?

‘झुबिन मेहतांचे वडील’ ही त्यांची ओळख अपुरी आहे. १९०८ साली मुंबईत जन्मलेल्या या पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे ते इंग्लंडला आणि मग अमेरिकेत गेले. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी १९६४ साली अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली आणि तीन दशकांहून अधिक काळ तरुण वादक घडवले. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची आठवण कशी जागवली गेली?

२००८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, झुबिन मेहता इस्रायल फिलहार्मोनिक घेऊन मुंबईत आले. मुलाने वडिलांच्या शहरात त्यांचीच कला सादर केली. पण वादक परदेशातून आले होते.

मग वारसा टिकणार कसा?

पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली महोत्सव सुरू केला. तिथे एक शिष्य गायला, तरी गुरूचं घराणं ऐकू येतं. कंडक्टरचा वारसा मात्र एकट्याला चालवता येत नाही, त्याला अख्खा वाद्यवृंद लागतो. मेहलींनी मुंबईत उभा केलेला वाद्यवृंद पुढे बंद पडला. २००६ मध्ये मुंबईतच स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियातही अनेक वादक परदेशातून येतात.

म्हणूनच १९९५ पासून काम करणारं मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन महत्त्वाचं. तिथे मुंबईतली मुलं पाश्चात्त्य संगीत शिकतात. स्मृती-मैफल एका संध्याकाळी संपते. कंडक्टरचा वारसा पुढे जातो, तो रोज रियाझाला बसणाऱ्या या मुलांमुळे.