मूल शाळा का सोडते?

खेड्यातील एखाद्या प्राथमिक शाळेचा हजेरीपट चाळून पाहिला, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. जून महिन्यात जी नावे उत्साहाने पटावर चढतात, त्यांपैकी काहींच्या पुढे दिवाळीनंतर गैरहजेरीच्या खुणा दिसू लागतात. पुढे त्या खुणांची ओळच लागते आणि पुढील वर्षी ते नाव पटावर नसते. शिक्षकाला कारण विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. हे उत्तर जितके सोपे, तितकेच सोयीचे आहे. कारण त्यामुळे शाळा, शासन आणि समाज हे तिघेही दोषमुक्त होतात. तथापि ते खरे आहे काय? या एका प्रश्नाचा शोध घेण्यात गेल्या शतकातील शिक्षणविषयक संशोधनाचा फार मोठा भाग खर्ची पडला आहे.

या प्रश्नाची पहिली ठळक आकडेवारी पुढे आली ती 1929 साली, सर फिलिप हार्टोग यांच्या समितीच्या अहवालात. 1922-23 साली पहिल्या इयत्तेत असलेल्या दर 100 मुलांमागे 1925-26 साली चौथीत केवळ 18 मुले आढळतात, असे समितीने दाखविले. मूल मध्येच शाळा सोडते ती ‘गळती’ आणि त्याच वर्गात वर्षानुवर्षे अडकून पडते ती ‘स्थगिती’, हे दोन शब्द तेव्हापासून शिक्षणाच्या चर्चेत रूढ झाले. ज्या प्रणालीत 82 मुले वाटेतच नाहीशी होतात, तिच्यावर पैसा खर्च करणे म्हणजे तो वाया घालविणे होय, असा अर्थ अनेकांनी त्यातून काढला. शाळांचा प्रसार आवरता घेऊन असलेल्या शाळा सुधाराव्यात, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

परंतु आकडा डोळे दिपवून टाकतो, तेव्हाच तो नीट तपासून पाहावा लागतो. समजा, एका गावात पहिलीच्या वर्गात 100 मुले बसली आहेत. त्यांतील 40 मुले मागील वर्षी नापास होऊन तेथेच राहिलेली आहेत. नव्याने आलेली मुले 60च आहेत. हाच क्रम दरवर्षी चालू आहे आणि चौथीत दरवर्षी 30 मुले नव्याने चढतात. पहिलीच्या 100 शी चौथीच्या 30 ची तुलना केली, तर 70 मुले गळाली असे दिसेल. वस्तुतः शाळेत येणाऱ्या 60 पैकी 30, म्हणजे निम्मी मुले, गळालेली असतात. निम्मी गळती हीदेखील काही लहान आपत्ती नव्हे. पण दुखणे कोठे आहे हे आता निराळ्या प्रकारे दिसते. पहिलीचा वर्ग फुगलेला दिसतो तो मुलांना वाचायला शिकविण्यात शाळेला अपयश आल्यामुळे. म्हणजे ज्या आकड्याने पालकांना आरोपी ठरविले, तोच आकडा उलगडून पाहिला असता वर्गाकडे बोट दाखवितो.

अशा उलगड्यासाठी गावोगाव जाऊन पाहणी करावी लागते. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केले. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या केल्या व त्यांचे अहवाल 1955 साली प्रसिद्ध झाले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेकडे वळावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. शिक्षण हा केवळ अध्यापनशास्त्राचा विषय नसून शेती, मजुरी आणि कुटुंबाची मिळकत यांच्याशी तो बांधलेला आहे, ही जाणीव अशा कामांतून दृढ होत गेली.

ही जाणीव मात्र त्याहून जुनी आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी स्पष्ट सांगितले होते की, शेतकरी वर्ग शाळेपासून दूर राहतो तो अतिशय दारिद्र्यामुळे. कारण गुरे राखण्यास व शेतावर लक्ष ठेवण्यास त्याला मुलांची गरज असते. म्हणून प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे आणि गरिबांच्या मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे देऊन शाळेकडे ओढावे, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे पालकाचे अज्ञान नव्हे, तर त्याची अडचण, हे निदान जोतीरावांनी तेव्हाच केले होते. पुढील संशोधनाने त्याला मोजमापाची जोड दिली.

1996 साली बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या खेड्यांत मूलभूत शिक्षणाची एक विस्तृत पाहणी झाली. तिचा अहवाल 1999 साली ‘प्रोब’ या नावाने प्रसिद्ध झाला. मुलग्याने शिकणे महत्त्वाचे आहे काय, या प्रश्नाला शेकडा 98 पालकांनी होकार दिला. मुलीच्या बाबतीत हे प्रमाण 89 होते. पालकांच्या अनास्थेची कल्पना यापुढे टिकणे कठीण होते. इच्छा होती, मात्र त्या इच्छेला परवडेल अशी शाळा नव्हती. कोठे शिक्षक नव्हता, कोठे छप्पर गळत होते, कोठे धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीवाचून घरात दुसरे कोणी नव्हते.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपते. उसाचा हंगाम नेमका त्याच्या उत्तरार्धात येतो. या दोन पंचांगांच्या कात्रीत मूल सापडते. ते मंद असते म्हणून मागे पडत नाही, किंवा आईबाप बेफिकीर असतात म्हणूनही नाही. कारखान्याजवळच्या साखरशाळा आणि गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे हे उपाय या निदानातूनच निघाले. जेथे ते नीट चालतात, तेथे मूल पटावर टिकते.

निदान योग्य असेल तर उपायाचा परिणाम मोजता येतो. मद्रास राज्यात 1956 साली कामराज यांच्या कारकिर्दीत मध्यान्ह भोजनाची योजना विस्तारली. देशव्यापी कार्यक्रम 1995 साली सुरू झाला आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. ज्याँ द्रेझ आणि गीता किंगडन यांनी त्याच सुमारास केलेल्या अभ्यासात, ज्या गावच्या शाळेत जेवण मिळते तेथे मुलींचे शाळेत जाण्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. बिहारमध्ये 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना निघाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी बिहारची तुलना शेजारच्या झारखंडशी आणि मुलींची तुलना मुलग्यांशी केली. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींच्या प्रमाणात सुमारे 32 टक्के वाढ झाल्याचे त्यांना आढळले. आणि ही वाढ मुख्यतः जेथून माध्यमिक शाळा दूर आहे अशा गावांत होती. मुलगी व शाळा यांच्यामधील अंतर हेच तेथे खरे कारण होते, हे त्यावरून सिद्ध झाले.

अशी तुलना कशासाठी करावी लागते, हेही समजून घेतले पाहिजे. शिकलेल्या मुलीचे लग्न उशिरा होते, हे सर्वत्र दिसते. पण तिला शिकविणारे घर मुळातच बऱ्या परिस्थितीतले असेल, तर लग्न लांबले ते शिक्षणामुळे की परिस्थितीमुळे? दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हा विवेक सोडला, तर समाजाच्या प्रत्येक व्याधीवर शिक्षण हे रामबाण औषध आहे असे म्हणण्याचा मोह होतो आणि औषध लागू पडले नाही की रोग्यालाच दोष दिला जातो.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. 1951 साली देशात शेकडा सुमारे 18 लोक साक्षर होते, 2011 साली 74. 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला आणि आठवीपर्यंत मुलाला वर्गात मागे ठेवण्यास मनाई झाली. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती ती मनाई शिथिल झाली. कागदावरची स्थगिती अशा रीतीने बरीचशी संपली. पण 2018 च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही. मूल वर्गातून वर्गात जाते, पण अक्षर त्याच्याबरोबर जात नाही. हार्टोग समितीच्या काळी पहिलीच्या वर्गात साचून राहिलेला प्रश्न आता वरच्या वर्गांत विखुरला आहे, एवढाच फरक.

म्हणूनच हजेरीपटावरील ‘गैरहजर’ ही खूण म्हणजे निकाल नव्हे. ती चौकशीची सुरुवात आहे. त्या मुलाचे घर कोठे आहे, घरी कोणते काम त्याची वाट पाहते, शाळा किती लांब आहे आणि तेथे गेल्यावर त्याला खरोखर काही शिकायला मिळते काय, हे चार प्रश्न विचारल्यावाचून जो पालकाला दोष देतो, तो चौकशीपूर्वीच शिक्षा सांगतो. संशोधनाने समाजाला दिलेली देणगी आकड्यांची नव्हे. दोष देण्यापूर्वी विचारण्याच्या सवयीची आहे. ही सवय विद्यापीठांतून निघून गावच्या शाळेत, शिक्षण समितीच्या बैठकीत आणि अधिकाऱ्याच्या मेजावर पोहोचेल, तेव्हाच जूनमध्ये पटावर चढलेले नाव पुढच्या जूनमध्येही तेथे दिसेल.