दुसरा डाव

बुलढाणा तालुक्यातलं धाड जालना जिल्ह्याच्या सीमेजवळ आहे. इथल्या पोराने नाव काढलं तर तो विदर्भाकडून रणजी खेळणार आणि पलीकडच्या भोकरदनचा महाराष्ट्राकडून. त्यामुळे धाडकरांनाही हा प्रश्न परका नाही : 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने साठ वर्षं अंतिम सामना पाहिला नव्हता, मग 2017-18 मध्ये असं काय बदललं? त्या मोसमात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. विदर्भाने उपांत्य सामन्यात कर्नाटकला अवघ्या 5 धावांनी हरवलं, मग इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला, आणि पुढच्या वर्षी नागपुरातल्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राला. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीतला पंडित हा यष्टिरक्षक भारताकडून 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामनेच खेळला. प्रशिक्षक म्हणून मात्र त्याच्या नावावर सहा रणजी करंडक आहेत : मुंबईचे तीन, विदर्भाचे दोन, मध्य प्रदेशचा एक. खेळाडूची कीर्ती आणि प्रशिक्षकाचं कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला ठामपणे वाटतं. यष्टिरक्षक प्रत्येक चेंडूला फलंदाजाचे पाय, गोलंदाजाचा हात आणि सगळं क्षेत्ररक्षण एकाच जागेवरून पाहतो. प्रशिक्षकाचं निम्मं काम हेच आहे.

यावर कोणी म्हणेल, श्रेय विदर्भाच्या अकादमीचं, फलंदाज वसीम जाफरच्या अनुभवाचं, कर्णधार फैज फजलच्या नेतृत्वाचं, दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यातल्या गोलंदाज गुरबानीच्या हॅटट्रिकचं. ते आहेच. तयार माणसं नसतील तर कोणताही प्रशिक्षक करंडक आणू शकत नाही. पण मग मध्य प्रदेशचं काय? 1999 मध्ये पंडित कर्णधार असताना बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर तो संघ अंतिम सामना हरला. 2022 मध्ये त्याच मैदानावर, पंडितच प्रशिक्षक असताना, मुंबईला हरवून पहिल्यांदा जिंकला. संघ बदलले, माणूस तोच राहिला. दुसरा आक्षेप त्यांच्या कडक शिस्तीवर आहे आणि तो खोटा नाही. नावाजलेल्या खेळाडूंना ती जाचते. मात्र चार-पाच दिवसांच्या सामन्यात तिसऱ्या सत्रात खांदे पडलेल्या संघाला सवयच सावरते, आणि सवय लाडाने लागत नाही. पंडित गेल्यावरही विदर्भ ढासळला नाही. 2024-25 मध्ये विदर्भाचेच माजी खेळाडू उस्मान घनी प्रशिक्षक असताना तिसरा करंडक आला.

सवय लावणारा प्रशिक्षक इतका मोलाचा असतो, म्हणून गावोगावच्या क्रिकेट स्पर्धांना हजारोंची बक्षिसं लावणाऱ्यांना विनंती आहे : त्यातला काही भाग बाजूला काढा आणि वर्षभर मैदानावर येणाऱ्या एका प्रशिक्षकाला नियमित मानधन द्या.