‘गनस्मोक’चा पहिला भाग आणि सावद्याचं १८५२ : साधन वाचायचं म्हणजे काय करायचं?

पेटची तयारी करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. ‘साधनांचं चिकित्सक वाचन करा’ असं सगळेच सांगतात, पण म्हणजे नेमकं करायचं काय? आज हे एका जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागावरून समजून घेऊ. मग तीच पद्धत आपल्या रावेर तालुक्यातल्या सावद्याला लावून बघू.

मालिका आहे ‘गनस्मोक’. प्रकार वेस्टर्न, म्हणजे घोडे, पिस्तुलं, नव्यानं वसलेलं गाव आणि कायदा सांभाळणारा मार्शल. सीबीएस वाहिनीवर ती १९५५ ते १९७५ अशी २० वर्षं चालली, एकूण ६३५ भाग झाले. त्याआधी १९५२ पासून ती रेडिओवर होती. टीव्हीवरचा पहिला भाग १० सप्टेंबर १९५५ ला लागला. त्याचं नाव ‘मॅट गेट्स इट’. मॅटला गोळी लागते, असा त्याचा साधा अर्थ.

कथा छोटी आहे. कॅन्ससमधल्या डॉज सिटीत डॅन ग्रॅट नावाचा पिस्तूलबाज येतो. त्याला पकडायला आलेल्या अधिकाऱ्याला तो मारतो. मार्शल मॅट डिलन समोर उभा राहतो, तर त्यालाही गोळी घालतो. मॅट वाचतो आणि पडल्या पडल्या विचार करतो. त्याच्या लक्षात येतं की ग्रॅट दरवेळी अगदी जवळ येऊन उभा राहतो. त्याचा हात वेगवान आहे, पण नेम पक्का नाही. पुढच्या वेळी मॅट अंतर राखून उभा राहतो आणि जिंकतो.

आता या भागाला तीन प्रश्न विचारा.

पहिला : आपण कोणासोबत चालतोय? मॅटसोबत. त्याचं मन आपल्याला ऐकू येतं, ग्रॅटचं येत नाही.

दुसरा : गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे संपते? ग्रॅट गावात आला की सुरू, तो पडला की संपली. तो असा का झाला, हे चौकटीबाहेर राहतं.

तिसरा : कोणता प्रश्न कोणाला पडतच नाही? डॉज सिटीची जमीन आधी कोणाची होती आणि मार्शलचा अधिकार कुठून आला, हे या अर्ध्या तासात कोणी विचारत नाही. सगळं आधीच ठरलेलं असतं.

टीव्हीच्या कथेत हे सहज दिसतं, कारण ती कथा आहे हे आपल्याला माहीत असतं. सरकारी कागद वाचताना मात्र आपण ते विसरतो. तिथेच गडबड होते.

आता सावदा. ‘इम्पीरियल गॅझेटिअर ऑफ इंडिया’च्या १९०८ च्या खंडात सावद्यावर एक छोटी नोंद आहे. तिचा आशय असा : १८५२ मध्ये महसुली सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा सावद्यात मोठा दंगा झाला. दहा ते पंधरा हजार असंतुष्ट लोक जमले. लष्कराची तुकडी आली, म्होरके पकडले गेले, तेव्हा कुठे जमाव पांगला. संपलं.

तेच तीन प्रश्न लावा. आपण कोणासोबत चालतोय? तुकडीसोबत. सुरुवात कुठे? लोक जमल्यावर. शेवट कुठे? ते पांगल्यावर. न पडलेला प्रश्न कोणता? दहा-पंधरा हजार माणसं, म्हणजे एका गावाची नव्हे तर आख्ख्या परगण्याची माणसं, कामधंदा सोडून का आली असतील? नोंदीत त्यांना स्वभाव आहे, ‘असंतुष्ट’, पण कारण नाही.

कारण शोधायचं तर सर्वेक्षण म्हणजे काय ते कळायला हवं. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात ही पद्धत बसवली. तिचे नियम १८४७ च्या जॉइंट रिपोर्टमध्ये एकत्र आले. प्रत्येक शेत साखळीनं मोजायचं, मातीची प्रत ठरवायची, पाणी आणि बाजार किती जवळ ते बघायचं आणि त्यावरून साधारण ३० वर्षांसाठी सारा ठरवायचा. थोडक्यात, कोणीतरी बाहेरून येऊन तुमच्या काळ्या जमिनीची प्रत ठरवणार आणि तुमच्या मुलानंही तोच आकडा भरायचा. हे समजलं की ‘असंतुष्ट’ हा शब्द किती गोष्टी झाकतो, ते दिसतं.

इतिहासकार रणजित गुहा यांनी १९८३ च्या एका प्रसिद्ध निबंधात बंडांबद्दलच्या लेखनाचे तीन थर सांगितले. पहिला, घटना घडत असतानाचे अधिकाऱ्यांचे अहवाल. दुसरा, नंतर सावकाश लिहिलेले वृत्तान्त. तिसरा, त्याहून नंतरचा इतिहास. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या थरातली नजर पुढच्या थरांत गुपचूप उतरते. आपली नोंद घटनेनंतर ५६ वर्षांनी छापलेली आहे, म्हणजे ती वरच्या थरातली. तुम्ही प्रबंधात ‘सावद्याचा दंगा’ असं लिहिलंत, तर पुढचा थर तुमचा!

इथे एक धोका आहे. बरेच जण मग पारडं उलटं करतात : जमाव नायक, अधिकारी खलनायक. पण हा तोच वेस्टर्न झाला, फक्त टोप्या बदलल्या. दहा-पंधरा हजारांत मोठे जमीनदार असतील, कुळं असतील, मजूर असतील. सगळ्यांना एकच भीती होती, हे गृहीत धरू नका. तपासा.

मग करायचं काय? मॅटनं केलं तेच, अंतर बदलायचं. नोंदीनं जिथे उभं केलंय तिथून थोडं बाजूला व्हायचं. मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल खात्याची त्या काळची दफ्तरं बघा. सर्वेक्षणाचे छापील अहवाल बघा. सारा आधी किती होता आणि नंतर किती झाला, हे गाववार मांडा. मराठीतले अर्ज मिळाले तर सोन्याहून पिवळं, मोडी शिकून घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्यांकडे जुने सातबारे, फाळणीचे कागद असतील तर विचारा.

सिनॉप्सिसमध्ये हे एका वाक्यात मावतं : ‘१८५२ मध्ये सावद्यात जमलेल्या लोकांना सर्वेक्षणातून नेमकं काय गमवायची भीती होती?’ ‘दंगा का झाला?’ यापेक्षा हा प्रश्न बरा, कारण यात माणसं आहेत आणि उत्तर कागदांत शोधता येतं.

पुढच्या वेळी कुठलंही साधन हातात आलं की आधी तीन प्रश्न वहीत लिहा. मग वाचायला सुरुवात करा.