मागे फिरण्याची किंमत

राजूर आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. जुन्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या बाजाराच्या गावातून पश्चिमेकडे निघाले की भंडारदऱ्याचे धरण लागते, त्यापलीकडे घाटघर, आणि घाटघरच्या कड्यापाशी जिल्हाही संपतो आणि देशही संपतो. खाली कोकण. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे राजूरला काढली आणि तिथून बदली झाली ती थेट मालवणी मुलखात. डोंगरातल्या माणसांना समुद्राचे काय, असे कोणी म्हणेल. पण पावसाळ्याच्या तोंडावर राजूरच्या बाजारात सुकट-बोंबील घ्यायला उडणारी झुंबड पाहिली, की हे अंतर फार वाटत नाही.

दुसरे नाते वाऱ्याचे. जूनमध्ये नैऋत्येचा जो वारा अरबी समुद्र खवळवतो, तोच पुढे येऊन सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि घाटघर-रतनवाडीवर पाऊस होऊन कोसळतो. १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण त्याच पाण्याने भरते. म्हणजे ज्या दिवसांत राजूरकडे भाताच्या खाचरांत आनंद असतो, त्याच दिवसांत किनाऱ्यावर होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या असतात. वारा एकच, एकाची आवणी, दुसऱ्याचा उपास.

आणि फुटणाऱ्या लाटांतून, एका माणसापुरत्या चिंचोळ्या होडीत बसून, हौसेने मासे धरायला जाणारे लोकही जगात आहेत. या होडीला कयाक म्हणतात. ती मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा, त्यावर ताणलेले सीलचे कातडे आणि हातात वल्हे. यावर त्यांची शिकार आणि त्यांचे पोट. आजची हौशी कयाक बहुधा प्लास्टिकची असते. माणूस तिच्या पोटात न बसता वरच बसतो आणि वर आलेले पाणी भोकांतून आपोआप निघून जाते.

या खेळाची खरी कसोटी मासा गळाला लागण्यात नसून किनाऱ्यालगतच्या थोड्याशा पट्ट्यात आहे. तळ वर येऊ लागला की लाटेचा पाय अडखळतो आणि डोके पुढे पडते. ढोबळ हिशेब असा, की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की लाट फुटते. लाटा एकसारख्याही नसतात. थोरल्या लाटांचा घोळका येतो, मग थोडी उसंत मिळते. ती उसंत ओळखायला किनाऱ्यावर नुसते उभे राहून पाहावे लागते. मग होडीचे नाक लाटेला सरळ धरून न थांबता वल्हवायचे. होडी आडवी झाली की लाट तिला लोळवते. परतणे आणखी अवघड, कारण आता लाट पाठीमागून येते. त्याआधी गळ आणि दोऱ्या आवरून बांधायच्या, नाहीतर माशासाठीचा गळ आपल्याच अंगात रुततो. पाण्यात पडलेच, तर होडी आणि किनारा यांच्या मध्ये राहायचे नाही. पुढची लाट ती होडी उचलून अंगावर फेकते.

या सगळ्यांवरचा नियम एकच : शंका आली तर जायचे नाही. हौशी माणसाला तो पाळता येतो. तो होडी पुन्हा गाडीच्या टपावर बांधतो आणि वाटेत बाजारातून मासे घेऊन घरी जातो. मन थोडे हिरमुसते, एवढेच.

आपल्या कोकणात हेच कसब पिढ्यानपिढ्या पोटासाठी चालत आले आहे. सिंधुदुर्गातल्या लहान होडीच्या एका बाजूला, आडव्या दांड्यांना बांधलेले एक लांबट लाकूड असते. त्याला उलांडी म्हणतात. ती होडीला कलंडू देत नाही. एखाददुसरा माणूस पहाटे ही होडी पाण्यात लोटतो आणि गरी टाकून नाहीतर लहान जाळे मारून मासे आणतो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी २०२५ साली १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती. ती यांत्रिक नौकांसाठी. पारंपरिक बिगरयांत्रिक होडीला तीतून सूट. हे न्यायाचेच आहे, इवलीशी होडी समुद्राचे काय ओरबाडणार? पण त्यामुळे, समुद्र सर्वांत वाईट असतो तेव्हा जायचे की नाही हा निर्णय सर्वांत लहान होडीवाल्यावर, एकट्यावर येऊन पडतो.

मालवणी मुलखात असताना असा एक म्हातारा मी पाहिला. नारळी पौर्णिमा अजून व्हायची होती. होडी पाण्याच्या रेषेपर्यंत आणून तो वल्ह्याला टेकून लाटा पाहत होता. मीही शेजारी उभा राहिलो. अर्धा तास गेला. एकदा त्याने होडी गुडघाभर पाण्यात लोटली आणि पुन्हा मागे घेतली. शेवटी मुलाला हाक मारली आणि दोघांनी ती ओढून वर ठेवली. "आज नाही?" मी विचारले. तो म्हणाला, "सायबानू, दर्या खंय पळान जाता? उद्या आसाच." रिकामी टोपली घेऊन तो घरी निघाला. इतका धाडसी माणूस मी क्वचितच पाहिला असेल.

बँकेत असल्यामुळे मला पुढचा हिशेब दिसत होता. होडीसाठी, जाळ्यासाठी कर्ज मिळते. पण हप्त्याची तारीख कॅलेंडरवर ठरते आणि समुद्रात जाण्याची वाऱ्यावर. कर्जाच्या अर्जात होडीची किंमत, जाळ्याची किंमत, अंदाजे उत्पन्न असे रकाने असत. 'न गेलेले दिवस' असा रकाना मी कोणत्याच अर्जात पाहिला नाही. मग महिनाअखेर जवळ आली की लाट तेवढीच असली तरी लहान दिसू लागते. अपघाताच्या बातमीत खवळलेला समुद्र छापून येतो. वाण्याकडची उधारी छापून येत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांपर्यंत नेले. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अपघाती मृत्यूसाठी ५ लाख रुपयांचे विमासंरक्षण ठेवले गेले. गरीब पारंपरिक मच्छीमाराला बंदीच्या काळासाठी, त्याचे स्वतःचे १,५०० आणि सरकारचे ३,००० असे वर्षाला ४,५०० रुपये मिळण्याची सोयही त्यात झाली. पण हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. गेला आणि बुडाला तर ५ लाख. शहाणपणाने मागे फिरला तर वर्षाकाठी साडेचार हजार, त्यातलेही दीड हजार त्याचेच.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. दर्जा शेतीचा, तर रीतही शेतीची असावी. राजूरकडे भात आडवा झाला तर पंचनामा होतो. २०१६ च्या पीकविमा योजनेत तर हवामानामुळे पेरणीच होऊ न शकलेल्या शेताचाही विचार केला गेला होता. मग जाळेच टाकू न शकलेल्या दिवसाचा विचार का नको? त्यासाठी तलाठ्याने लाटा मोजायची गरज नाही. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असे इशारे हवामान खाते काढतेच. तो दिवस कागदावर नोंदलेला असतो. त्या नोंदलेल्या दिवसाची मजुरी घरी बसणाऱ्याच्या हाती पडली, तर म्हाताऱ्याचे ते धाडस त्याच्या मुलालाही परवडेल.