परभणीचा आल्विन कुठे आहे?

आल्विन हो नावाचा पोरगा दुसरीत शिकतो आणि त्याला बहुतेक सगळ्याची भीती वाटते. शाळेची, मुलींची, अंधाराची. घरी अखंड दंगा घालणाऱ्या या पोराच्या तोंडून शाळेत मात्र शब्द फुटत नाही. संकट कधीही कोसळेल म्हणून तो बचावाच्या सामानाचा डबा जवळ बाळगतो. त्याचे वडील चिडले की थेट शेक्सपिअरच्या थाटात शिव्या देतात! लेनोर लुक यांनी 2008 साली हा नायक मुलांच्या पुस्तकात आणला, चित्रे काढली लेउयेन फाम यांनी.

आल्विन चिनी-अमेरिकन आहे. तो राहतो काँकर्डला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या चकमकी 1775 मध्ये जिथे झडल्या त्या गावात. पण लेखिका त्याचे चिनीपण समजावत बसत नाही. आजोबा असतात, चिनी रीतीभाती असतात, बस्स. हसू येते ते भित्र्या पोराच्या उचापतींचे. लुक यांची ‘रुबी लू’ (2004) याच वाटेने जाते.

ग्रेस लिन यांच्या ‘द इयर ऑफ द डॉग’ (2006) या हसत्याखेळत्या पुस्तकात एक प्रसंग मात्र टोचतो. शाळेच्या नाटकात मुख्य पात्र डोरोथी व्हायची पुस्तकाची नायिका पेसी हिची इच्छा असते. मैत्रीण सहज सांगते, डोरोथी काही चिनी नाही. तिच्या मनात दुष्टावा नसतो, म्हणूनच ते जास्त लागते. आपल्यासारखे कुणी पुस्तकात नाही हे कळल्यावर पेसी स्वतःच पुस्तक लिहायला बसते. पुस्तक मुलांसाठी आरसाही असावे आणि खिडकीही, असे रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी 1990 मध्ये मांडले होते. पेसीकडे खिडक्या भरपूर होत्या, आरसा नव्हता.

आरशाचा हाच प्रश्न घेऊन आता परभणीच्या पोरांकडे बघू. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे शहरातला. त्या पुस्तकाला 2011 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. दोघेही माझे लाडके आहेत. पण “काय करू लालास?” असे विचारणाऱ्या आईचा, उरुसात हरवणारा, गंगाखेडच्या घाटावरून गोदावरीत उड्या मारणारा खट्याळ नायक मला पुस्तकात भेटलेला नाही.

परभणीला लेखक कमी नाहीत. बी. रघुनाथ इथलेच. आसाराम लोमटे यांना 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंद्रजित भालेराव यांच्या कवितेत इथले रान आहे. पण मराठवाड्याचे पोर कथेत येते ते बहुधा दुष्काळ, कर्ज नाही तर ऊसतोड पाठीवर घेऊन. ते दुःख खरेच आहे. पण ऊसतोडीच्या कोप्यांवरची पोरेही खोड्या काढतात, खोटे बोलतात, भुताला भितात. त्यांच्यावर फक्त कळवळून लिहिणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. पोटापाण्यासाठी आईबापांबरोबर पुण्याला गेलेल्या आणि बोलीवरून वर्गात चिडवल्या जाणाऱ्या पोराची गत आल्विनपेक्षा फार वेगळी नाही. शाळेत तोंड न उघडण्याचे कारण त्यालाही आहे.

जिंतूर-सेलू-पाथरीच्या शिक्षकांनो, पोरांना घरातल्या फजितीच्या गोष्टी घरच्याच बोलीत लिहू द्या आणि लाल पेनाने ती बोली सुधारू नका. प्रकाशकांनीही अशी हस्तलिखिते मागवावीत.