नेपच्या काटेरी रानातले ऋतू

इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यातील नेप ही सुमारे ३,५०० एकरांची जुनी जहागीर. बरेल घराण्याकडे ती दोन शतकांहून अधिक काळ आहे. चिकट चिकणमातीमुळे येथील शेती सतत तोट्यात राहिली. अखेर २००० नंतर नांगर थांबला आणि पुढील काही वर्षांत लाँगहॉर्न गुरे, एक्समूर तट्टे, टॅमवर्थ डुकरे व हरणे मोकळी सोडण्यात आली. शेते काटेरी झुडपांनी भरली. कसदार नसली तरी कसलेली जमीन वाया गेली, असा शेजाऱ्यांचा रोष होता. तो अस्वाभाविकही नव्हता.

पायवाटेने फिरणाऱ्यास आज ऋतू ओळखू येतात ते मात्र याच झुडपांमुळे. एप्रिलअखेरीस आफ्रिकेतून आलेला नाइटिंगेल ब्लॅकथॉर्नच्या जाळीतून गातो. मराठीत त्याला सर्रास ‘बुलबुल’ म्हटले जाते. पक्षी अगदी निराळा. मे महिन्यात करकोच्यांची घरटी गजबजतात. २०२० मध्ये येथे त्यांची पिले जन्मली. ब्रिटनमधील त्याआधीची नोंद १४१६ ची आहे.

जुलै ‘पर्पल एम्परर’ फुलपाखराचा. त्याच्या अळ्या सॅलो या विलोवर्गीय झुडपाची पाने खातात आणि सॅलोचे बी उघड्या, ओल्या मातीत रुजते. पडीक शेतांनी नेमकी तीच दिली. ओकच्या शेंड्याशी झुंजणारे हे राजबिंडे नर खाली उतरतात ते बहुधा शेणावर!

ऑक्टोबरात फॅलो हरणांचे नर घोगऱ्या आवाजात एकमेकांना आव्हान देतात. तेव्हा त्यांच्यापासून दूर राहावे. हिवाळ्यात या मातीचा चिखल होतो, गमबूट हवेतच.